वाढत्या अंगाचा फ्रॉक

वहिनींनी आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. भाऊजींनी कॉलेजात आर्थिक इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वहिनींना जो नाद लागला आहे तो जरा जगावेगळा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडातल्या मुली जे फ्रॉक घालत ते जुन्या मापांवरून बेतायचे आणि त्याच पद्धतीने शिवायचे. भाऊजींच्या मते हा उद्योग निरुपद्रवी आहे, फक्त त्याला अभ्यास म्हणू नये. दोघांचं बोलणं मी उतरवून घेतलं. मधे कंसात जे आहे ते माझं.

भाऊजी: वहिनी, त्या काळचे फोटो आहेत, तैलचित्रं आहेत, बायकांच्या मासिकांतली रंगीत चित्रं आहेत. मुली कशा दिसत होत्या हे कळायला एवढं पुरे नाही का? त्यासाठी डोळे फोडून काजं कशाला करायची?

वहिनी: दिसत कशा होत्या ते कळतं. त्या फ्रॉकमध्ये शिरत कशा होत्या ते कुठे कळतं? फोटोत समोरची बाजू, तीही बाहेरून. आणि हूक किंवा बटणं बहुतेक वेळा पाठीवर. सहा-सात वर्षांच्या पोरीला तो फ्रॉक आपला आपण घालताच यायचा नाही. आई, थोरली बहीण, नाहीतर दाई, कुणीतरी मागे उभं लागायचं. हूक लावायला बसलं की हे पहिल्यांदा लक्षात येतं. मग फ्रॉक उलटा करा. १८५०च्या सुमाराचा असेल तर मुंढ्याच्या शिवणीत उरेब पट्टी, तिच्या आत दोरी, असं बारीक पाइपिंग सापडतं. बाहेरून ती नुसती शोभा वाटते. पण पोर हात वर करते, ओढाताण करते, ती सगळी त्या शिवणीवर येते. तिला आधार म्हणून ते घातलेलं असतं.

भाऊजी: हे कुणीतरी पुस्तकातही लिहिलेलं असेलच की.

वहिनी: लिहिलंय ना. पण कुणी? ज्यांना शिवता येत होतं त्यांनी. जॅनेट अर्नोल्ड नावाच्या बाईंनी संग्रहालयांतले कपडे समोर ठेवले, एकेक तुकडा मोजला आणि चौकटीच्या कागदावर त्यांचे बेत काढले. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’चे पहिले दोन खंड १९६४ आणि १९६६ साली आले. त्यांतले कपडे बायकांचे, पण मुलींचा फ्रॉक मोजायचा झाला तरी रीत तीच. उभा धागा कुठे, अस्तर किती तुकड्यांचं, जोड कुठे दिलाय. जो शिवत नाही त्याला जोड दिसतच नाही हो. कापड कमी पडलं म्हणून काखेत दिलेला तुकडा त्याला नक्षीचाच भाग वाटतो.

भाऊजी: बरं, जोड दिसला. पुढे काय?

वहिनी: पुढे टक. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. घेराच्या खालच्या भागात आडव्या दुमडी घालून त्यांवर टीप मारलेली असते. दोन, तीन, कधी पाच ओळी. चित्रात बघणारा म्हणतो, काय सुंदर सजावट! सजावट आहेच. पण मुलगी वाढली की एक टक उसवायचा, फ्रॉक तेवढा लांब होतो. पुढच्या वर्षी दुसरा. शिवाय बाजूच्या शिवणींत माया भरपूर ठेवलेली. आपल्याकडे परकराला आपल्या आया हेच करत होत्या. वाढत्या अंगाचं शिवायचं ही काही एकट्या पुण्याची अक्कल नाही.

भाऊजी: इंग्रजांकडे मुलीची उंची आणि फ्रॉकची लांबी यांचं काही गणित होतं म्हणतात.

वहिनी: होतं. आणि ते उलट्या बाजूने चालायचं. हार्पर्स बझार या अमेरिकी मासिकात १८६८ साली एक तक्ता आला होता. चार वर्षांच्या मुलीचा घेर गुडघ्यापर्यंत, मग दर दोन वर्षांनी थोडा थोडा खाली, आणि सोळाव्या वर्षी घोट्याजवळ. म्हणजे मुलगी वाढते त्यापेक्षा फ्रॉक जास्त वेगाने वाढायला हवा. आता सांगा, ज्या आईला दरवर्षी नवा फ्रॉक परवडत नाही तिने काय करायचं? टक घालायचे. जुन्या फ्रॉकवर उसवलेल्या टकाची रेघ ओळखू येते. बाहेरचं कापड धुऊन, उन्हात वाळून विटलेलं, आणि दुमडीत जे झाकलेलं होतं ते मूळ रंगाचं. अशा रेघा मोजल्या की मुलगी किती वेळा वाढली ते कळतं. तुमच्या कुठल्या खातेवहीत हे मिळेल?

(इथे भाऊजींनी चष्मा पुसला. खातेवहीवर आलं की ते सावध होतात.)

भाऊजी: खातेवहीत नाही मिळत, मान्य. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या फ्रॉकच्या रेघा तुम्ही मोजता, तो उरला म्हणून मोजता. उरला कुणाचा? ज्याच्या घरी पेटी होती, माळा होता, जपून ठेवायला सवड होती त्याचा. गरिबाच्या मुलीचा फ्रॉक धाकटीच्या अंगावर गेला, तिच्यावरून त्याहून धाकटीच्या. मग लंडनच्या पेटिकोट लेनमधल्या जुन्या बाजारात विकला गेला. मग चिंध्या. लोकरीच्या असतील तर यॉर्कशरमध्ये बॅटली आणि ड्यूसबरीला जायच्या, तिथे त्या पिंजून त्यांचं पुन्हा हलकं कापड विणत. सुती असतील तर कागदाच्या गिरणीत. तुमच्या संग्रहालयात जो रेशमी फ्रॉक काचेत बसलाय तो तिथे पोचला कारण तो फारसा वापरला गेला नाही. ज्या कपड्याने आयुष्य काढलं तो कापड म्हणून संपला.

वहिनी: हे मी नाकारत नाही.

भाऊजी: मग ऐका. हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने १८५०च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावरच्या माणसांशी बोलून त्यांचं म्हणणं लिहून ठेवलं. त्यात आठ वर्षांची एक मुलगी आहे, रस्त्यावर पालेभाजीच्या जुड्या विकणारी. कडाक्याच्या थंडीत तिच्या अंगावर पातळ सुती झगा, विरलेली शाल आणि पायांत मोठ्या मापाच्या सपाता. तिचा झगा शिवून दाखवा. कुठे आहे त्याचा बेत?

वहिनी: बेत नाही. पण त्या मुलीने मेह्यूला आणखी काय सांगितलं ते तुम्ही गाळलंत. ती पाच वर्षांची असताना आईने तिला शिवायला आणि विणायला शिकवलं होतं. आई फर शिवण्याचं काम करायची. फरच्या कातड्याला कुठे चीर गेलेली असली की ही पोर ती शिवून टाकायची. झगा गेला, पण सुई तिच्या हातात होती हे लेखी आहे. मला तिचा झगा शिवता येणार नाही. तिचा टाका मात्र घालता येईल.

भाऊजी: (थोडं थांबून) तिचा टाका तुम्हाला कसा कळणार?

वहिनी: तिचा एकटीचा नाही कळणार. तिच्यासारख्या मुलींचा कळतो. १८६२ साली सरकारने शाळांच्या अनुदानाचे नवे नियम केले. त्यांत मुलींना साधं शिवणकाम शिकवलंच पाहिजे अशी अट होती. मग लाखो मुली शाळेत शिवू लागल्या. धावदोरा, उलटटीप, तुरपाई, काज, रफू, ठिगळ. तळहाताएवढे मांजरपाटाचे नाहीतर फ्लॅनेलचे तुकडे, त्यांवर एकेक टाका, आणि ते तुकडे वहीत चिकटवलेले. कधी बाहुलीच्या मापाचा झगा, अगदी बाह्यांसकट. अशा वह्या संग्रहालयांत आहेत. फ्रॉक श्रीमंतांचे उरले असतील, ठिगळ लावायला शिकलेल्या पोरींचं काम त्या वह्यांत उरलंय. आणि ठिगळ काय सुरेख असतं! छापील कापडावर फुलाला फूल जुळवून लावलेलं. माझ्या वर्गात किती जणींना ते जमलं असतं, शंकाच आहे.

भाऊजी: तेही कौतुकाने सांगताय तुम्ही. मुलगे गणित करत होते तेव्हा या पोरींना ठिगळं लावायला बसवलं होतं. नववीत-दहावीत जायच्या वयात त्यांनी मोलकरणीचं काम धरावं, मालकिणीची चादर शिवावी, याची ती तयारी. सुरेख म्हणायचं तर आधी हे म्हणा.

वहिनी: म्हणते. पण तुम्ही ज्याला नुसती शिक्षा समजता त्यात कसब पण होतं. दोन्ही एका टाक्यात असतात. शिवणारीला विचारा.

(या मुद्द्यावर मी वहिनींच्या बाजूची आहे. कष्ट होते म्हणून कसब नव्हतं असं मानणं हाही त्या मुलींवर अन्यायच.)

भाऊजी: मला दुसरी शंका आहे. तुम्ही हाताने शिवता. इलायस होवेचं पेटंट १८४६चं, सिंगरचं १८५१चं. १८५६पासून सिंगरची यंत्रं हप्त्यावर मिळायला लागली. मग हा हाताने शिवण्याचा सोवळेपणा कशासाठी?

वहिनी: भाऊजी, इथे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! या नादातल्या कितीतरी जणी १८८०चा फ्रॉक अथपासून इतिपर्यंत हाताने शिवतात आणि त्याला अस्सल म्हणतात. तो चुकीचा आहे. १८४०चा असेल तर टाका न् टाका हातचा हवा. १८६०चा असेल तर बघावं लागतं, कुठे हात, कुठे यंत्र. १८८०च्या फ्रॉकला लांब शिवणी यंत्राच्या, काजं आणि तुरपाई हाताची, लेस गिरणीची. यंत्रातही प्रकार आहेत. विल्कॉक्स अँड गिब्जचं यंत्र एकाच दोऱ्याने साखळीटाका घालायचं. त्याची टीप योग्य टोकाने ओढली की सरसर सुटून येते. जुन्या फ्रॉकची टीप साखळीची आहे का दोन दोऱ्यांची, हे बघितलं की त्याचं वय ठरवायला मदत होते. हे मी यंत्रावर बसून शिकले, वाचून नाही.

भाऊजी: आणि आत जे घालायचं ते? की फ्रॉक नुसता पुतळ्यावर?

वहिनी: आतलं आधी शिवावं लागतं. त्याच्याशिवाय फ्रॉक लोंबतो. अंगाशी शेमीज, त्यावर जाड सुताची बंडी. तिच्या कमरेला बटणं, त्या बटणांना चड्डी आणि पेटिकोट अडकवायचे. सगळं वजन खांद्यावर येतं, कमरेवर काही दाबत नाही. लोक व्हिक्टोरियन म्हटलं की लगेच कॉर्सेटने आवळलेल्या पोरी डोळ्यांसमोर आणतात. मोठ्या बायकांचं चित्र लहान मुलींवर चिकटवतात. लहानपणी ती बंडी बरीचशी कपडे टांगायची खुंटी होती. त्रास होता तो वेगळाच. १८५०च्या सुमाराचा गळा इतका रुंद की खांदे उघडे. इंग्लंडच्या थंडीत! आणि बाही खांद्याच्या खालून सुरू झालेली, त्यामुळे हात नीट वर जात नाही. चित्रात ती पोर शालीन दिसते. शिवून बघा, तिला झाडावरचं फळ तोडता येत नव्हतं.

भाऊजी: ही शालीन मुलगी...

वहिनी: मुलगी कशावरून? मुलगेही चार-पाच, कधी सहा-सात वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकच घालत. पहिली विजार चढवायचा घरात सोहळा व्हायचा. लहान मापाचा फ्रॉक हातात आला तर तो मुलीचाच असेल असं सांगता येत नाही. फोटोत निदान केसांचा भांग बघतात, मधोमध असेल तर बहुधा मुलगी, बाजूला असेल तर बहुधा मुलगा. कपड्याला भांग कुठला?

भाऊजी: म्हणजे तुमचा विषय ‘मुलींचे फ्रॉक’, आणि त्यांतले काही मुलग्यांचे. छान! आता माझी खरी तक्रार ऐका. या सगळ्या नादामागे एक हळहळ असते. तो काळ किती निरागस, मुली किती गोड. केट ग्रीनअवेची चित्रं आठवा. तिचं ‘अंडर द विंडो’ हे चित्रांचं पुस्तक १८७९ साली आलं आणि घराघरांतल्या आयांनी मुलींना तसे उंच कमरेचे झगे घातले. पण ते झगे तिच्या काळचे नव्हतेच. ऐंशी वर्षं मागच्या, साधारण १८०० सालच्या कपड्यांवरून तिने ते रचले होते. म्हणजे व्हिक्टोरियन लोकसुद्धा न पाहिलेल्या काळाचे कपडे मुलांना घालत होते. तुमचा नाद नवा नाही, वहिनी. जुनाच रोग आहे.

वहिनी: (हसून) हे मला फारच आवडलं. आणि तिची आई इस्लिंग्टनमध्ये मुलांच्या कपड्यांचं दुकान चालवायची, हेही जोडा. ती दुकानात वाढलेली पोर. नुसत्या हळहळीवर तसा झगा बेतता येत नाही. शिवाय ते झगे सैल होते, मुलींना पळता येत होतं. १८८१ साली लंडनमध्ये रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली ती मोठ्या बायकांना आवळणाऱ्या कपड्यांविरुद्ध. मुलींचा चुणीदार, स्मॉकिंग केलेला झगा त्याच वाऱ्यातला.

(अ‍ॅलिसचा निळा फ्रॉकही असाच. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या १८६५च्या पुस्तकात चित्रकार टेनिएलची चित्रं काळी-पांढरी होती. १८९०च्या लहान मुलांसाठीच्या आवृत्तीत तिचा फ्रॉक पिवळा आहे. सगळ्यांना पाठ असलेला निळा मागाहून पक्का झाला.)

भाऊजी: हळहळ नको म्हणता, तर संग्रहालयातली चिठ्ठी वाचा. ‘फ्रॉक, सुती, इंग्लंड, १८६४.’ कापूस इंग्लंडात पिकतो का? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती. तिथला कापूस थांबला आणि लँकेशरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग मुंबई बंदरातून कापूस निघाला. गुजरातचा, खानदेशचा, वऱ्हाडचा. तिकडच्या कामगारांनी त्याला ‘सुरत’ नाव देऊन शिव्या घातल्या, कारण धागा आखूड, सारखा तुटायचा. इथे मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरचा बाजार फुगला, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. त्या फ्रॉकमध्ये वऱ्हाडच्या शेतकऱ्याचाही धागा असू शकतो. तुमच्या टिपा मोजून ते कळेल?

वहिनी: नाही कळणार. धागा मिश्र असायचा, डोळ्यांना काय कळणार. हे तुमचंच काम.

भाऊजी: आणि शिवणाऱ्या बायका? १८६३ साली लंडनमधल्या एका बड्या शिवणगृहात मेरी ॲन वॉक्ली नावाची वीस वर्षांची मुलगी मेली. साडेसव्वीस तास सलग शिवत होती. मार्क्सनेसुद्धा तिची नोंद घेतलीय.

वहिनी: ते दरबारी बायकांचे नाच-समारंभाचे झगे. मुलींचे फ्रॉक बहुतेक घरीच व्हायचे, आई, मावशी, नाहीतर रोजावर येणारी शिवणारी. पण तुमचं म्हणणं खरं आहे. रेशमी फ्रॉक शिवताना मला वॉक्ली आठवत नाही. आठवायला हवी.

भाऊजी: मग तुम्ही काय शिवणार?

वहिनी: पिनाफोर. फ्रॉकवर घालायचा पांढरा अंगरखा, मागे नाड्या. फ्रॉक मळू नये म्हणून तो. मळला की उकळत्या पाण्यात टाकायचा, म्हणून पांढरा. बड्या घरातल्या पोरींच्या अंगावर तो दिसतो आणि सरकारी अनुदानाच्या शाळेत ओळीने उभ्या केलेल्या पोरींच्या फोटोतही दिसतो. १८३८ साली एका बाईने नाव न देता ‘द वर्कवुमन्स गाइड’ लिहिलं. त्यात पिनाफोरचे बेत आहेत. गरिबांना वाटायच्या कपड्यांसाठी कापड वाया न घालवता किती नग काढायचे याचा हिशेबही आहे. तुमची भाजी विकणारी आणि माझी रेशमी फ्रॉकवाली, दोघींना शोभेल असा एवढा एकच कपडा मला सापडतो.

भाऊजी: चालेल. पण चिठ्ठी मी लिहिणार. कापूस कुठला असू शकतो, शिवला कुणी, किती वेळात.

वहिनी: लिहा. टक तीन घालते. एक उसवून ठेवेन, म्हणजे लोकांना रेघ दिसेल.

माझं मत विचाराल तर या वादात भाऊजींची बाजू तर्काने भारी आणि वहिनींची पुराव्याने. ज्यांना या नादात उतरायचं असेल त्यांनी रेशीम, लेस आणि फुगीर बाह्यांपासून सुरुवात करू नये. दोन मीटर मांजरपाट आणा. धुऊन घ्या, नाहीतर मागून आटेल. साधा पिनाफोर बेता, खाली तीन टक घाला, शिवणीत माया भरपूर ठेवा. घरातल्या एखाद्या पोरीच्या अंगावर रोज चढवा, मळू द्या, धुवा, उन्हात वाळवा. वर्ष गेल्यावर एक टक उसवा आणि तिथलं कापड बघा. त्यानंतर जे प्रश्न पडतील ते घेऊन संग्रहालयात जा.